आपल्या तालुक्यातला लेखक, आपल्या घरातलं पुस्तक : कुठं शोधायचं, कसं घ्यायचं, आधार कसा द्यायचा

‘जोगवा’ सिनेमा २००९ साली आला. आपल्या भागात तो न पाहिलेला माणूस शोधूनही सापडणार नाही. पण हा सिनेमा ज्या लेखनावर उभा आहे, त्यात ‘दर्शन’ नावाची एक कथाही आहे. ती कथा लिहिणारे चारुता सागर हे आपल्या कवठेमहांकाळ तालुक्यातल्या मळणगावचे. खरं नाव दिनकर दत्तात्रय भोसले. सिनेमा लाखोंनी पाहिला. ‘दर्शन’ वाचलेली माणसं मात्र आपल्याच तालुक्यात किती निघतील, याचा अंदाज ज्यानं त्यानं करावा.

सांगली जिल्ह्याची गंमत ही आहे. लेखकांची कमतरता आपल्याकडं कधीच नव्हती. कमी पडतो तो वाचक, आणि तोही गावातलाच. बाहेरच्या जगानं डोक्यावर घेतल्यावर आपण कमानी उभारतो, जयंत्या करतो. पण लेखक हयात असताना, त्याचं पहिलं पुस्तक निघालं तेव्हा, ते पैसे देऊन घेणारी पहिली पन्नास माणसं गावात मिळत नाहीत. ती मिळाली तर पुढचं पुस्तक निघतं. म्हणून ही माहिती एकत्र देतो आहोत. जपून ठेवा, गावच्या ग्रुपवर टाका.

थोडक्यात

- आधी गावातलं शासनमान्य वाचनालय, शाळा आणि जवळचं साहित्य संमेलन इथं चौकशी करा.
- पुस्तक विकत घ्या. फुकट प्रत मागू नका.
- वाचनालयाला पुस्तक मागवण्यासाठी लेखी मागणी द्या.
- वाचून झाल्यावर दहा ओळी लिहा आणि पुस्तक कुठं मिळतं ते त्यात सांगा.
- पुस्तकाची पीडीएफ ग्रुपवर फिरवू नका.
- घरात कुणाचं हस्तलिखित असेल तर पैसे देऊन छापण्याआधी खाली दिलेली माहिती वाचा.

आपल्या मातीतली नावं

यादी पूर्ण नाही. सुरुवात कुठून करायची एवढ्यापुरती आहे.

*आटपाडी :* या एका दुष्काळी तालुक्यानं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाला तीन अध्यक्ष दिले. शेटफळ्यात जन्मलेले ग. दि. माडगूळकर १९७३ साली यवतमाळला, त्यांचे धाकटे भाऊ व्यंकटेश माडगूळकर १९८३ साली अंबाजोगाईला आणि आटपाडीचे शंकरराव खरात १९८४ साली जळगावला. व्यंकटेश माडगूळकरांचं ‘माणदेशी माणसं’ १९४९ चं, ‘बनगरवाडी’ १९५५ ची. मेंढपाळांच्या वाडीवर आलेल्या कोवळ्या मास्तराची ती गोष्ट. माणदेशात मेंढरं राखलेल्या माणसानं ती वाचली तर त्याला पानापानावर ओळखीचं काही तरी भेटेल. शंकररावांचं आत्मचरित्र ‘तराळ-अंतराळ’. गावची तराळकी करणाऱ्या घरातला मुलगा पुढं मराठवाडा विद्यापीठाचा कुलगुरू झाला. गदिमांचा माडगुळ्यातला ‘बामणाचा पत्रा’ अनेकांनी पाहिला असेल. मोटारीनं तिथं जाऊन फोटो काढणाऱ्यांनी एक पुस्तकही घरी न्यावं.

*वाळवा :* वाटेगावचे अण्णाभाऊ साठे. ‘फकिरा’ १९५९ साली आली, १९६१ साली तिला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. याच तालुक्यातलं रेठरे हरणाक्ष हे शाहीर पठ्ठे बापूरावांचं गाव.

*पलूस :* औदुंबरचे कवी सुधांशु. दत्ताची त्यांची गाणी देवळादेवळांत लागतात, पण ती कुणाची हे सांगणारे थोडे. तिथल्या सदानंद साहित्य मंडळाचं संमेलन मकर संक्रांतीला भरतं आणि त्याची परंपरा स्वातंत्र्याच्या आधीपासूनची आहे.

*कवठेमहांकाळ :* मळणगावचे चारुता सागर. ‘नागीण’, ‘नदीपार’ हे त्यांचे कथासंग्रह.

*जत :* निगडीचे नवनाथ गोरे. ‘फेसाटी’ या पहिल्याच कादंबरीला २०१८ साली साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार मिळाला. जतच्या कोरडवाहू भागातल्या गरीब घरातल्या पोराची शिक्षणासाठीची फरफट, तीही तिथल्याच बोलीत. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये या लेखकावर शेतात मजुरी करायची पाळी आली होती. राज्यभर बातम्या झाल्या तेव्हा अनेकांना कळलं की असा लेखक आपल्या जिल्ह्यात आहे. पुरस्कार मिळून तेव्हा दोन वर्षं झाली होती.

*सांगली :* लोकसाहित्याच्या अभ्यासक डॉ. तारा भवाळकर. फेब्रुवारी २०२५ मध्ये दिल्लीला झालेल्या ९८ व्या अखिल भारतीय संमेलनाच्या त्या अध्यक्ष होत्या. आपल्या आज्यांनी जात्यावर म्हटलेल्या ओव्यांकडं ‘हे साहित्यच आहे’ या नजरेनं कसं बघायचं, ते त्यांच्या लेखनात मिळतं.

ही झाली मोठी नावं. यांच्याखाली एक मोठी फळी आहे, जिची नावं कुठल्याच यादीत नसतात. निवृत्त गुरुजींनी लिहिलेला गावचा इतिहास. एसटीत नोकरी केलेल्या माणसाचे अनुभव. ऊसतोडीला गेलेल्या घरातल्या मुलीच्या कविता. प्रतिसरकारच्या काळातल्या आठवणी. पहिलवानाचं चरित्र. अशी पुस्तकं दुकानात दिसत नाहीत. बहुतेक वेळा ती लेखकाच्याच घरी, कॉटखाली गठ्ठ्यात असतात आणि दोन पावसाळ्यांत त्यांना वाळवी लागते. २०१९ च्या महापुरात कृष्णाकाठच्या घरांतली आणि वाचनालयांतली पुस्तकं भिजली, त्यात अशीही काही असणार, ज्यांची दुसरी प्रत कुठं नाही. आपल्याला आधी पोहोचायचं आहे ते यांच्यापर्यंत.

पुस्तक शोधायचं कुठं?

*१. गावचं वाचनालय.* राज्यात शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालयं अकरा हजारांच्या वर आहेत. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली त्यांना अ, ब, क, ड असे वर्ग आणि त्याप्रमाणे अनुदान मिळतं. लहान गावात असतं ते बहुधा ‘क’ किंवा ‘ड’ वर्गाचं. एक खोली, दोन-चार कपाटं, बाहेर पेपर वाचत बसलेली म्हातारी माणसं. आत जाऊन ग्रंथपालांना सरळ विचारा : “आपल्या गावच्या, तालुक्याच्या माणसानं लिहिलेली कुठली पुस्तकं आहेत?” स्थानिक लेखक आपली एक प्रत वाचनालयाला बहुतेक देतोच. ती कपाटात मागं गेलेली असते, एवढंच.

*२. शाळा आणि कॉलेज.* लिहिणाऱ्यांत शिक्षक खूप. हायस्कूलच्या मराठीच्या सरांना किंवा बाईंना तालुक्यातले चार तरी लिहिणारे माहीत असतात. शाळेच्या जुन्या वार्षिक अंकातही नावं सापडतात.

*३. ग्रामीण साहित्य संमेलनं.* दिवाळीनंतर ते उन्हाळ्यापर्यंत आपल्याकडं गावोगाव लहान संमेलनं होतात. मंडपाच्या कडेला टेबलावर पुस्तकं मांडलेली असतात आणि बहुतेक वेळा टेबलामागं लेखक स्वतःच बसलेला असतो. भाषणं ऐकून जेवायला पळण्याआधी त्या टेबलापाशी पाच मिनिटं थांबा.

*४. जिल्हा ग्रंथोत्सव.* शासनाच्या ग्रंथालय विभागातर्फे जिल्ह्याच्या ठिकाणी होतो. ग्रंथदिंडी, व्याख्यानं, पुस्तकविक्री असं स्वरूप असतं. तारीख जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांच्या कार्यालयात कळते.

*५. पुस्तकांचं गाव.* महाबळेश्वरजवळचं भिलार ४ मे २०१७ रोजी पुस्तकांचं गाव झालं. पुढं ही योजना वाढवताना शासनानं ज्या गावांची निवड केली, त्यात आपल्या पलूस तालुक्यातलं अंकलखोप-औदुंबर आहे. दत्ताच्या दर्शनाला जाताच, तेव्हा पुस्तकांचीही चौकशी करा.

*६. मोबाइल.* गूगलवर नुसतं ‘मराठी पुस्तक’ टाकून काही हाती लागणार नाही. गावाचं नाव, तालुक्याचं नाव आणि त्यापुढं ‘कवी’, ‘कादंबरी’, ‘कथासंग्रह’, ‘आत्मचरित्र’ असा शब्द मराठीतच टाका. टाइप करायला जमत नसेल तर माइकचं बटण दाबून बोला. नाव दोन-तीन तऱ्हांनी लिहून बघा. टोपणनाव ध्यानात ठेवा : भोसले नावानं शोधलं तर चारुता सागर सापडणार नाहीत, आणि औदुंबरचे हणमंत जोशी शोधायचे तर ‘सुधांशु’ टाकावं लागेल. जुन्या नावांसाठी मराठी विश्वकोश मोबाइलवर मोफत वाचता येतो.

*७. पुस्तकाचं आतलं पान.* हातात एखादी जुनी प्रत आली की मुखपृष्ठ उलटा. सुरुवातीच्या पानांवर प्रकाशकाचं नाव, पत्ता, आवृत्ती, वर्ष, किंमत आणि बहुतेक वेळा १३ आकडी आयएसबीएन क्रमांक असतो. या पानाचा फोटो काढून ठेवा. दुकानदाराला किंवा ग्रंथपालाला पुस्तक मागवायला तेवढं पुरतं.

एका पुस्तकामागचा हिशेब

आधार द्यायचा म्हणजे काय, हे कळायला पैशाचं गणित कळलं पाहिजे. आकडे समजण्यापुरते धरलेत.

समजा, पुस्तकाची किंमत २०० रुपये आहे आणि ते प्रकाशकानं काढलंय. विक्रेत्याचं कमिशन, छपाई, कागद, वाहतूक वजा जाता लेखकाला साधारण किमतीच्या १० टक्के मानधन धरलं तर एका प्रतीमागं मिळतात २० रुपये. पाचशे प्रती खपल्या तर १०,००० रुपये. ज्या कादंबरीला तीन वर्षं लागली, तिची ही कमाई.

आता दुसरा प्रकार, जो खेड्यात जास्त आहे. लेखकानं स्वतः पैसे घालून पुस्तक छापलं. समजा, ५०० प्रतींना ४०,००० रुपये लागले. म्हणजे एक प्रत पडली ८० रुपयांना. प्रकाशन समारंभाला पुढारी, पाव्हणे, सोयरे, मित्र आले आणि शंभर प्रती ‘सप्रेम भेट’ म्हणून गेल्या. ८,००० रुपये तिथंच संपले. ज्यांना भेट मिळाली त्यातल्या बऱ्याच जणांनी पहिलं पानही उघडलं नाही, कारण फुकट आलेलं घरात कुठंही पडतं. घातलेले ४०,००० परत यायला २०० रुपयांप्रमाणं २०० प्रती विकल्या गेल्या पाहिजेत.

दोनशे प्रती म्हणजे दोनशे घरं. आपल्याकडं जत्रेची वर्गणी याच्या कितीतरी पट घरांतून, याच्यापेक्षा जास्त रकमेनं गोळा होते. तेव्हा पैसा नाही असं नाही. पुस्तकासाठी पैसे द्यायची सवय नाही.

आधार कसा द्यायचा?

*विकत घ्या, आणि लेखकाकडूनच घ्या.* स्वतः छापलेलं पुस्तक असेल तर लेखकाच्या घरी जाऊन घेतलेलं उत्तम. कमिशन वाचतं आणि सही मिळते. फोनवरून पैसे पाठवायचे असतील तर आधी लेखकाशी बोलून त्याचा नंबर पक्का करा, मगच पाठवा. पुस्तक प्रकाशकाचं असेल तर तालुक्याच्या दुकानात मागणी नोंदवा. दुकानदार एका गिऱ्हाईकासाठी पुस्तक मागवायला कुरकुरतो, पाच जणांनी मिळून मागितलं तर लगेच मागवतो.

*फुकट मागू नका.* “आपलं माणूस आहे, एक प्रत द्या की,” हे वाक्य लेखकाला सगळ्यात जास्त ऐकावं लागतं. किराणा दुकानदार भाऊबंद असला तरी साखर आपण फुकट नेत नाही. लेखकाला तोंडावर नाही म्हणता येत नाही, म्हणून आपणच मागायचं नाही. खरंच ऐपत नसेल तर वाचनालयातून घ्या. तेही वाचणंच आहे.

*शाल-श्रीफळाबरोबर पुस्तकं घ्या.* लेखकाचा सत्कार करायला आपल्याला फार आवडतं. शाल, नारळ, फेटा, हार, बॅनर मिळून हजार-दीड हजार सहज जातात. लेखकाच्या घरी शालींचा ढीग आणि पुस्तकांचे गठ्ठे दोन्ही शेजारी शेजारी असतात. पुढच्या वेळी त्याच पैशातून त्याच्या पाच प्रती घ्या आणि दहावीत पहिल्या आलेल्या पोरांना व्यासपीठावरच द्या. त्याला याहून मोठा सत्कार वाटणार नाही.

*वाचनालयाला लेखी मागणी द्या.* अनुदानातला काही भाग पुस्तक खरेदीसाठीच असतो. पण कुठली पुस्तकं घ्यायची हे ठरवताना वाचकांकडून मागणीच आलेली नसली की ठराविक यादीतली पुस्तकं येतात. सभासद म्हणून एक साधा अर्ज करा : पुस्तकाचं नाव, लेखक, प्रकाशक, किंमत, खाली सह्या. दहा सह्या असल्या तर कमिटीला विचार करावाच लागतो. बरोबर एक विनंतीही करा, की एका कपाटावर ‘आपल्या तालुक्यातले लेखक’ अशी पाटी लावावी. खर्च शून्य, आणि येणाऱ्या प्रत्येकाची नजर जाते.

लेखक किंवा प्रकाशकासाठी आणखी एक वाट आहे. शासनाचा ग्रंथालय विभाग निवड करून शासनमान्य ग्रंथांची यादी काढतो. त्यासाठी प्रती कधी, कुठं पाठवायच्या ते जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांच्या कार्यालयात विचारावं. यादीत नाव आलं तर राज्यभरातल्या वाचनालयांपर्यंत पोहोचायचा दरवाजा उघडतो.

*दिवस साधा.* १५ ऑक्टोबर वाचन प्रेरणा दिन, २७ फेब्रुवारी मराठी भाषा गौरव दिन, २३ एप्रिल जागतिक पुस्तक दिन. शाळेत या दिवशी काही ना काही होतंच. त्या दिवशी बाहेरून वक्ता आणण्यापेक्षा गावातल्या लिहिणाऱ्याला बोलवा आणि त्याला भाषण करायला न लावता त्याच्या पुस्तकातली दोन पानं वाचायला सांगा. १ ऑगस्टला अण्णाभाऊंची जयंती गावोगाव जोरात होते. मिरवणुकीच्या वर्गणीतून ‘फकिरा’च्या दहा प्रती घेतल्या तर दहा घरांत अण्णाभाऊ वर्षभर राहतील.

*वाचून दाखवा.* घरात वाचता न येणारी, डोळ्यांना न दिसणारी म्हातारी माणसं असतात. बोलीत लिहिलेलं पुस्तक त्यांना वाचून दाखवलं की ती खुलतात, मधेच थांबवून ‘असं नव्हतं, असं होतं’ म्हणून दुरुस्तीही करतात. पारायणाची आपल्याला सवय आहेच. संध्याकाळी देवळात रोज अर्धा तास ‘बनगरवाडी’ वाचायला घेतली तर थोड्याच दिवसांत संपेल.

*दहा ओळी लिहा.* वाचून झालं की व्हॉट्सअ‍ॅप किंवा फेसबुकवर लिहा. मोठी समीक्षा नको. पुस्तक कशाबद्दल आहे, तुम्हाला कुठलं माणूस किंवा प्रसंग लक्षात राहिला, काय पटलं नाही, किंमत किती, कुठं मिळतं. मुखपृष्ठाचा एक फोटो. ‘अप्रतिम’, ‘हार्दिक अभिनंदन’ आणि हात जोडलेली चित्रं यांनी एकही प्रत खपत नाही. “यात आपल्या तळ्याची गोष्ट आहे, पान ४० वर” असं लिहिलंत तर खपते.

*खरं सांगा.* आधार म्हणजे खोटी स्तुती नव्हे. पुस्तकात चुका असतील, लांबण असेल, एखादा प्रसंग खोटा वाटत असेल, तर घरी जाऊन निवांत सांगा. चारचौघांत अपमान करू नका आणि पाठीमागं हसू नका. लक्ष देऊन वाचलेल्या माणसानं काढलेली चूक लेखकाला हारापेक्षा जास्त उपयोगी पडते.

पुस्तक पोस्टानं पाठवायचंय?

मुंबई-पुण्याला गेलेली, गलाई व्यवसायासाठी देशभर पसरलेली आपली माणसं गावाकडच्या पुस्तकाची चांगली गिऱ्हाईकं आहेत. खानापूर, आटपाडी, तासगाव भागातली किती घरं बाहेर आहेत बघा. त्यांच्यासाठी कुरियर महाग पडतं. टपाल खात्यानं १ मे २०२५ पासून पुस्तकांसाठी ‘ज्ञान पोस्ट’ ही सेवा सुरू केली. सुरुवातीचे दर असे : ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, आणि वजनाप्रमाणं वाढत ५ किलोपर्यंत १०० रुपये. कर वेगळा. पाकिटात पत्र किंवा जाहिरात घालायची नाही आणि पुस्तकावर मुद्रक किंवा प्रकाशकाचं नाव छापलेलं हवं. पाठवण्याआधी तालुक्याच्या पोस्टात दर आणि नियम विचारून घ्या.

पीडीएफ फिरवू नका

ग्रुपवर एखाद्या पुस्तकाची पीडीएफ येते, ‘वाचनप्रेमींसाठी’ म्हणून पुढं जाते. हेतू चांगला असतो, पण हे बेकायदेशीर आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणं लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क त्याच्या वारसांकडं किंवा ज्याला दिले त्याच्याकडं राहतात. अण्णाभाऊ १९६९ साली गेले, म्हणजे त्यांच्या पुस्तकांचे हक्क २०२९ संपेपर्यंत आहेत. गदिमा १९७७ साली आणि व्यंकटेश माडगूळकर २००१ साली गेले, त्यांचं तर अजून बरंच लांब. हयात लेखकाच्या बाबतीत प्रश्नच नाही. गावातल्या लेखकाच्या दोनशे प्रती खपायच्या असतात. चारशे जणांच्या ग्रुपवर एक पीडीएफ गेली की त्या तिथंच थांबतात.

मोफतच वाचायचं असेल तर सरळ मार्ग आहे. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळानं आपली अनेक पुस्तकं संकेतस्थळावर मोफत ठेवली आहेत. ती हवी तेवढी उतरवून घ्या.

घरातच कुणी लिहीत असेल तर

आजोबांची वही, बहिणीच्या कविता, वडिलांच्या आठवणी. असं काही घरात असेल तर हे करा.

- *आधी फोटो काढून ठेवा.* प्रत्येक पानाचा, उजेडात. फोटो दोन जणांच्या फोनमध्ये ठेवा. वही एकच असते. आग, पाणी, वाळवी यांना ती कुणाची आहे ते कळत नाही.
- *दोघांना वाचायला द्या.* एक मराठी शिकवणारा आणि एक असा, की ज्याला तो विषय माहीत आहे. छापण्याआधीच्या दुरुस्त्या फुकट असतात, छापल्यानंतरच्या महाग.
- *आयएसबीएन मोफत मिळतो.* केंद्र सरकारच्या राजा राममोहन रॉय राष्ट्रीय आयएसबीएन संस्थेच्या पोर्टलवर अर्ज करता येतो. त्यासाठी कुणी वेगळे पैसे मागत असेल तर ते त्याच्या कामाचे आहेत, क्रमांकाचे नव्हेत.
- *नवलेखक अनुदान.* साहित्य आणि संस्कृती मंडळाची ही योजना पहिल्या पुस्तकासाठी आहे. मंडळ जाहिरात काढून हस्तलिखितं मागवतं, तपासून निवड करतं. वेळ लागतो, पण आयुष्याची पुंजी घालण्याआधी हा अर्ज करून बघावा.
- *पैसे घेऊन छापणाऱ्यांशी लेखी करार करा.* किती प्रती, कुठला कागद, मुद्रितं कोण तपासणार, प्रती कुणाच्या ताब्यात राहणार, विक्रीचा हिशेब कधी मिळणार, हक्क कुणाकडं. ‘पुरस्कार मिळवून देतो, अमुक रक्कम भरा’ म्हणणाऱ्यापासून चार हात लांब राहा.
- *पाचशे प्रती एकदम नको.* आता थोड्या प्रतीही छापून मिळतात. आधी शंभर काढा, खपल्या की पुन्हा.
- *बोलणाऱ्यांचं रेकॉर्डिंग करा.* लिहिता न येणाऱ्या आजीच्या ओव्या, उखाणे, दुष्काळाच्या आठवणी फोनवर रेकॉर्ड करा. सुरुवातीला तिचं नाव, गाव आणि तारीख बोलून ठेवा. हे कुणी तरी लिहून काढलं तर तेही पुस्तक आहे, आणि त्यावर नाव आजीचं पाहिजे.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*आमच्या गावात वाचनालयच नाही. काय करू?*
शेजारच्या गावाच्या किंवा तालुक्याच्या वाचनालयाचं सभासद होता येतं. तोवर पाच-सहा घरांनी मिळून दर दोन महिन्यांनी एक पुस्तक घ्यायचं आणि फिरवायचं. भिशीसारखंच, फक्त शेवटी पुस्तकं गावात राहतात.

*लेखक आमच्या भावकीतला आहे आणि बोलणंचालणं बंद आहे. पुस्तक घ्यावं का?*
घ्यावं. बांधाचा वाद बांधावर. पुस्तकात कदाचित तुमच्याही वाडवडिलांची गोष्ट असेल.

*पुस्तकात आमच्या गावाबद्दल काही वावगं लिहिलंय असं लोक म्हणतात.*
आधी वाचा. ‘असं म्हणतात’ यावर जाऊ नका. वाचून चुकीचं वाटलं तर लेखकाशी बोला, तुमची बाजू लिहून काढा. गावची खरी गोष्ट लिहिणारा माणूस गावाला नेहमीच थोडा टोचतो.

*बोलीतलं लिहिणं अशुद्ध नाही का?*
नाही. माणदेशी बोलणं माडगूळकरांनी छापलं म्हणून ते आज सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. जतच्या कडेचं कानडी वळणाचं बोलणं, शिराळ्याच्या डोंगरातलं बोलणं, हे जे लिहिलं जाईल तेवढंच पुढच्या पिढीला मिळेल. मेंढरांची, बैलांची, शिवारातल्या पट्ट्यांची, पावसाची नावं आत्ताच्या पोरांना येत नाहीत. ती सांगणारी माणसं आता सत्तरीच्या पुढं गेली.

*वाचायला वेळ कुठाय?*
दिवसाला पाच पानं. दीडशे पानांचं पुस्तक महिन्याभरात होतं.

या आठवड्यात एवढंच करा

गावात कोण लिहितं ते तीन जणांना विचारा : वाचनालयात एकाला, शाळेत एकाला आणि पारावर बसणाऱ्या एका म्हाताऱ्या माणसाला. जे नाव निघेल त्याच्या घरी जा. “तुमचं पुस्तक विकत पाहिजे,” एवढं म्हणा.

कदाचित समोरचा माणूस आधी चपापेल, पैसे घ्यायला नको म्हणेल. हातात ठेवा. मग तो कॉटखालचा गठ्ठा ओढेल, वरची धूळ झटकेल, पेन शोधेल आणि तुमचं नाव विचारून पहिल्या पानावर लिहील. तुम्हाला ते नाव माहीत असतंच म्हणा, एकाच गावचे तुम्ही. पण त्या पानावर ते पहिल्यांदाच येत असतं.